ताटातील अन्न व हवेतील उष्मा
(इयत्ता सहावी व सातवीच्या विज्ञानाच्या तासासाठी पाठ)

पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ही गोष्ट आता मुलांच्या कानांवरून गेलेली असते. अवकाळी गारपीट, कोरडा गेलेला मृग, ऐन माघात जाणवणारा उकाडा यांची चर्चा ती घरी ऐकतात. कारण विचारले असता मात्र ती मोटारींचा धूर आणि कारखान्यांची धुराडी यांच्याकडेच बोट दाखवितात. ते उत्तर चूक नव्हे, अपुरे आहे. पूअर व नेमेचेक या दोन संशोधकांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध केला. मनुष्यामुळे हवेत जाणाऱ्या उष्णताधारक वायूंपैकी चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग अन्नामुळे निर्माण होतो, असे त्यावरून दिसते. हा हिशेब मुलांस त्यांच्या स्वतःच्या ताटावरून समजावून देणे, एवढाच या पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी. हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे एक रोप मुळांसकट, माती न झटकता, हलक्या हाताने उपटून आणावे. मूठभर तूर, मटकी व कुळीथ निरनिराळ्या वाट्यांत ठेवावेत. याहून अधिक साहित्याची गरज नाही.

विषयविवेचन. आरंभ रवंथापासून करावा. गाय, म्हैस, शेळी व मेंढी ही जनावरे चरताना भराभर गिळतात आणि मग निवांत बसून रवंथ करतात, हे खेड्यातील मुलांस सांगावे लागत नाही. त्यांच्या जठराचे चार कप्पे असतात, हे फलकावर आकृती काढून दाखवावे. पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. माणसाच्या पोटास न पचणारा कडबा व गवत हे जीव आंबवून पचनीय करतात. या आंबण्यात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि जनावर तो बहुतांशी ढेकरेवाटे बाहेर टाकते. येथे मुले हसतील, हसू द्यावे. हसत ऐकलेली गोष्ट ती विसरत नाहीत.

गोधडी जशी अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, तद्वत हवेतील काही वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. कर्बवायू हा त्यांतील प्रमुख. परंतु वजनास वजन धरून शंभर वर्षांचा हिशेब केला, तर मिथेन कर्बवायूच्या सुमारे २७ पट उष्णता अडवितो. मात्र तो हवेत सरासरी बारा वर्षेच टिकतो, तर कर्बवायूचा काही भाग शतकानुशतके राहतो. यास्तव मिथेन कमी झाला, तर त्याचा गुण आजची मुले मोठी होण्यापूर्वीच दिसू लागेल. २०१९ च्या पशुगणनेनुसार आपल्या देशात गाई-बैल १९ कोटींहून अधिक व म्हशी सुमारे ११ कोटी आहेत. हा आकडा सांगितला म्हणजे ढेकरेची गोष्ट एवढी मोठी कशी होते, हे मुलांच्या ध्यानी येईल.

यानंतर पुढील आकडे फलकावर लिहावेत. १०० ग्रॅम प्रथिने मिळविण्यासाठी किती कर्बवायू, किंवा त्याच्या तोडीचे इतर वायू, हवेत जातात याची ही जागतिक सरासरी आहे. मांसासाठीच पोसलेल्या गुरांचे मांस : सुमारे ५० किलो. शेळी-मेंढीचे मटण : २०. दूध : साडेनऊ. कोंबडी : पावणेसहा. अंडी : सव्वाचार. डाळी व कडधान्ये : एक किलोहूनही कमी, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम.

हे आकडे लिहून झाल्यावर थोडा वेळ थांबावे व मुलांस ते न्याहाळू द्यावेत. एखादे चौकस मूल विचारील की दूध कोंबडीच्या वर कसे? याच प्रश्नाने पाठाचे मर्म उलगडते. शाकाहार आणि वनस्पतिज आहार या दोन गोष्टी एक नव्हेत. या हिशेबात तुपाने माखलेले, पेढ्याने सजविलेले ताट हे शाकाहारी असूनही हलके ठरत नाही. येथे मोजले जाते ते वायूंचे वजन. शुद्ध-अशुद्धतेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

शिक्षकांनी विशेष जपावयाचे ते येथेच. आपल्या गावांत अन्नाशी जात, धर्म व मान-अपमान यांची गाठ पडलेली आहे. शिक्षकाच्या तोंडून गेलेल्या एका बेसावध शब्दाने एखादे मूल आपला डबा झाकून खाऊ लागते आणि तो ओशाळेपणा वर्षानुवर्षे जात नाही. म्हणून कोणाच्या घरी काय शिजते, हा प्रश्न वर्गात कदापि विचारू नये. 'मांस खाणारे हात वर करा' असला प्रकार तर पाठाचा घातच करील. वस्तुस्थितीही मुलांसमोर ठेवावी : अमेरिकेत दरमाणशी वर्षाला १०० किलोहून अधिक मांस लागते, भारतात १० किलोच्याही आत. जत्रेच्या दिवशी ज्या घरी मटणाचा रस्सा होतो, ते घर पृथ्वी तापवीत नाही. शिवाय आपल्याकडील जनावर बहुधा माणसाच्या अन्नात वाटेकरी होत नाही. ते कडबा व माळरानाचे गवत खाते, औत ओढते आणि शेतास शेणखत देते. जागतिक सरासरीच्या आकड्यांत या गोष्टी पुरत्या उतरत नाहीत.

दुसरी सावधगिरी मुलांच्या प्रकृतीची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी शेकडा ३५ बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. अशा प्रदेशात मुलाच्या हातातील दुधाचा पेला वा अंडे काढून घेण्याचा उपदेश शाळेने करणे अनुचित होय. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, हेही शिक्षकांनी जाणून असावे. मिताहाराचा उपदेश ज्याच्या ताटात आधिक्य आहे त्याच्यासाठी असतो.

मग आपल्या मुलांनी यातून घ्यावे काय? डाळ-भाकरी, मटकीची उसळ, कुळथाचे पिठले ही गरिबाची खाणी म्हणून मुले आताशा नाक मुरडू लागली आहेत. त्यांना शहरातील पुडीबंद खाऊचे आकर्षण वाटते. या हिशेबात मात्र तेच जेवण अव्वल ठरते. ते अंगी लागण्यातही उणे नाही. ज्वारीच्या प्रथिनात जो घटक तोकडा पडतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो तोकडा तो ज्वारीत. एकत्र खाल्ली म्हणजे दोहोंचे न्यून भरून निघते.

आता रोप हाती घ्यावे व मुळांवरील गाठी दाखवाव्यात. या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, म्हणून कडधान्यास युरिया फारसा लागत नाही. नत्रखतातून जमिनीत नायट्रस ऑक्साइड निर्माण होतो व तो कर्बवायूच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवितो. कडधान्याच्या शेतात ही भीती कमी. ज्वारी-बाजरीस साचलेले पाणीही लागत नाही. पाणी तुंबलेल्या भाताच्या खाचरात मिथेन तयार होतो. तथापि ज्या गावांचे भात हेच मुख्य पीक आहे, तेथे त्यास दोष देत बसू नये. जेथे पाणी हाताशी आहे तेथे खाचर मधूनमधून सुकू दिल्याने मिथेन बराच घटतो, ही माहिती त्या मुलांस अधिक उपयोगी पडेल.

गणित. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम तांदूळ व ३० ग्रॅम डाळ ठरलेली आहे आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. शंभर ग्रॅम तांदळात ७ व डाळीत २२ ग्रॅम प्रथिने धरून मुलांकडून बेरीज करवावी. उत्तर १७.१ येईल. उरलेले सुमारे ३ ग्रॅम कोठून आणावेत, ते मुलांनी सुचवावे : डाळ वाढवून, शेंगदाण्यांतून, अंड्यातून वा दुधातून. मग फलकावरील आकड्यांवरून या ३ ग्रॅमांचा वायू काढावा. डाळीचा २४ ग्रॅम, अंड्याचा १२७.५, दुधाचा २८५ ग्रॅम येतो. हे त्रैराशिक मुले आपण होऊन सोडवितात, कारण त्यातील डाळ रोज त्यांच्या ताटात पडते.

उपक्रम. मुलांनी आजी-आजोबांस विचारून, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या शिवारात कोणकोणती कडधान्ये व भरडधान्ये पेरली जात, ज्वारीत तुरीची ओळ वा बाजरीत मटकी असे आंतरपीक कोण घेई, आणि त्यांपैकी आज काय उरले आहे, याची नोंद वहीत करावी. पीक नाहीसे झाले असल्यास त्याचे कारणही लिहावे : भाव मिळाला नाही, पाटाचे पाणी आले, बियाणे संपले, जे असेल ते. एखाद्या घरी जुने बियाणे गाडग्यात राखलेले आढळल्यास मूठभर मागून आणून शाळेच्या वाफ्यात पावसाळ्याच्या तोंडी पेरावे, व वही पुढील वर्षाच्या वर्गासाठी शाळेत जपून ठेवावी.