नांगर धुण्याचा पंप घेताना

चि. बाळास,

तुझा निरोप आणि पंपाचे फोटो मिळाले. मोटर गंजून जाम झाली आहे, सांध्यांतून मीठ फुटलं आहे. नवा पंप घ्यावा लागणार हे उघड आहे. पण मिनिटाला १९ लिटरचा मोठा पंप तू मनात धरला आहेस, तिथे जरा थांब. ऑरवेलच्या खाडीतला चिखल चिवट आहे, पिन मिलसमोर नांगर उचलला की साखळीच्या कड्याकड्यांत तो भरलेला असतो, हे मला ठाऊक आहे. मात्र तो चिखल सुटतो धारेच्या जोराने. नुसतं पाणी जास्त ओतून तो हलत नाही.

खोक्यावर छापलेले लिटर हे पुढे कसलाही अडथळा नसतानाचे असतात. होज आणि नोझल जोडलं की दाब चढतो आणि प्रवाह उतरतो. म्हणून कंपनीचा तक्ता मागून घे आणि तीन बार दाबाला किती पाणी मिळतं ते पाहा. तुझ्या बोटीला उघड्या तोंडाने १२ ते १५ लिटर देणारा, चार बारच्या पुढे मोटर बंद करणारा डायफ्रॅम पंप पुरे आहे. स्वयंपाकघरातल्या गोड्या पाण्याचा पंप दिसायला अगदी तसाच असतो आणि स्वस्तही मिळतो, पण त्याचा स्विच बहुधा कमी दाबावर लावलेला असतो. तो घेऊ नकोस. रबरी पात्यांचा इंपेलर पंपही नको. तो पाणी भरपूर फेकतो, पण कोरडा चालला तर पाती थोड्याच वेळात जळतात, आणि नळ बंद केला तरी तो आपणहून थांबत नाही. डायफ्रॅम पंप थोडा वेळ कोरडा चालला तरी तग धरतो, आणि नांगर उचलण्याच्या धांदलीत तसं कधी ना कधी होणारच.

आता खरी गोष्ट, वायरची. फोटोत दिसते ती अडीच चौरस मिलिमीटरची असावी. बॅटरीपासून पुढच्या टोकापर्यंत सहा मीटर धरले तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबं झालं. दहा अँपिअर ओढले की वाटेतच सुमारे ०.८ व्होल्ट जातो, म्हणजे जवळजवळ सात टक्के. तोच मोठा पंप पंधरा अँपिअर ओढू लागला तर सव्वा व्होल्ट गेला. म्हणजे जास्त पैसे मोजून पंप अर्धपोटी चालवायचा, आणि मोटर तापवायची ती वेगळीच. सहा चौरस मिलिमीटरची, कल्हई केलेल्या तांब्याची वायर टाक. दहा अँपिअरला हे नुकसान तीन टक्क्यांच्या आत येतं. पंप नांगराच्या विंचच्या तारेवर मात्र जोडू नकोस. विंच जोरात ओढताना ऐंशी-शंभर अँपिअर खातो, व्होल्टेज खाली बसतं, आणि पंपाची गरज तर नेमकी त्याच क्षणी असते. पंपाची वायर स्वतंत्र ने, फ्यूज बॅटरीजवळ बसव आणि जोडण्यांवर उष्णतेने आवळणारी, आत गोंद असलेली नळी चढव. जुना पंप मेला तो बहुधा वरून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्याने. नवा बसवताना मोटर वर आणि पाण्याचं डोकं खाली ठेव. डोकं गळलं तरी थेंब मोटरीत उतरणार नाही.

पंप पाणी ओढून घेतो त्या बाजूकडे लोक पाहतच नाहीत, पण निम्मी दुखणी तिथली असतात. आतून किमान १९ मिलिमीटरची, तारेने मजबूत केलेली होज घे. साधी होज ओढीने आत चपटते. पंपाआधी गाळणी हवीच, आणि ती उघडून धुता येईल अशा जागी. शेवाळाचा एक धागा व्हॉल्व्हखाली अडकला तरी पंप नुसता घुमत राहतो आणि पाणी चढत नाही. सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा नळ, जुना आहे, तोही याच वेळी तपास. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, रंग गुलाबी पडतो आणि धातू ठिसूळ होतो. जस्त न सोडणाऱ्या पितळेवर इथे 'सीआर' ही खूण असते. ती नसेल तर काँसं किंवा कंपोझिट बसव. काम झालं की सीकॉक बंद करायचा. ओढीची होज पाण्याच्या पातळीखाली समुद्राशी जोडलेली आहे, क्लिप सुटली तर रात्रीतून बोट भरेल. या एका बाबतीत मी तुला कधीच सूट देणार नाही.

आणि धुणं जिथे नांगर उचललास तिथेच, साखळी वर येत असतानाच. पुढच्या मुक्कामी जाऊन नाही. वेल्समधल्या होलीहेडच्या मरीनात २००८ साली चटईसारखा पसरणारा परका समुद्री जीव, डिडेम्नम, सापडला. पाँटून, म्हणजे तरंगते धक्के, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्याला मारायचे प्रयत्न झाले, तरी तो परत आला. असे जीव बोटींच्या तळाला आणि दोरखंडांना चिकटून एका बंदरातून दुसऱ्यात जातात. चिखलात काय दडलं आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ऑरवेलचा चिखल ऑरवेललाच राहू दे. आपल्या कोकणात हर्णैला होडीचा डेक समुद्राच्याच पाण्याने धुतात, कारण लाकडाला गोडं पाणी साचलं की ते कुजतं. तुझ्या फायबरच्या बोटीला ती चिंता नाही, पण पंपाला शेवटी गोडं पाणी पाजावंच लागेल. हंगामाअखेर त्यातून गोडं पाणी फिरव आणि सगळं काढून टाक. पाणी आत राहून थंडीत गोठलं तर डोकं तडकतं, आणि मीठ वाळलं तर व्हॉल्व्ह ताठरतात.

सप्टेंबरात साउथॅम्प्टनच्या बोट शोला येशील तेव्हा पंप हाताळून पाहा, पण सवलत ऐकून तिथेच घेऊ नकोस. ज्याचे डायफ्रॅम, व्हॉल्व्ह आणि स्विच सुटे मिळतात आणि इप्सविचच्या दुकानात आजही असतात, तोच घे; दुरुस्तीचा एक संच पहिल्याच दिवशी बोटीवर ठेव. जुन्याच्या चार स्क्रूंची छिद्रं नव्याला जुळली तर उत्तम, न जुळली तर लाकडी पाट बदल, त्यासाठी पंपाची निवड बदलू नकोस.

या रविवारी दोन्ही होजचा आतला व्यास, बॅटरीपासूनचं अंतर आणि पाण्याच्या पातळीपासून पंपाची उंची मोजून कळव. उंची दोन मीटरच्या वर निघाली तर पंप खाली आणावा लागेल. मग जागा ठरवू आणि त्यानंतरच मॉडेल.

तुझा,
काका