घे, पण भरू नकोस

चि. निखिल यास,


कॅरव्हॅन घ्यावी की नाही, हे विचारायला तू फोन केलाच नव्हतास. ठरवून झालं होतं, मावशीचा होकार तेवढा हवा होता. तो देते. मेच्या सुट्टीत तुम्ही तंबू ठोकलात तो बॉरोडेलला, आणि तिथलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यांत पावसाळी वस्तीचं ठिकाण समजलं जातं. दोन रात्री मुलांच्या अंगाखालची चादर पिळून काढल्यावर मृण्मयी 'आता पुरे' म्हणाली, यात तिचं काय चुकलं? पण माझ्या होकाराला दोन अटी आहेत. या उन्हाळ्यात भाड्याने घेऊन बघा, विकत पुढच्या वर्षी. आणि जी घ्याल ती भरू नका. दुसरी अट पहिलीपेक्षा जड आहे.

तंबूची दगदग मुक्कामाला पोचल्यावर सुरू होते, कॅरव्हॅनची घरातून निघण्याआधी. आणि ती सगळी वजनाची. तू हप्ते, रंग आणि आतल्या सोफ्याचं कापड इथपर्यंत पोचला आहेस, पण तुझ्या गाडीचं कर्बवेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, किती, हे विचारल्यावर गप्प झालास. हँडबुक उघडून बघ. समज, ते १,५०० किलो निघालं, तर भरलेली कॅरव्हॅन १,२७५ किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. हा ८५ टक्क्यांचा आकडा म्हणजे कायदा नव्हे, इथले क्लब नवशिक्यांना वर्षानुवर्षं देत आलेला सल्ला आहे. कायद्याच्या मर्यादा वेगळ्या. गाडी किती ओढू शकते आणि गाडी-कॅरव्हॅनचं मिळून वजन किती असू शकतं, हे कारखान्याने ठरवून दिलेलं असतं. ते ओलांडलंस तर पोलीस दंड करतात आणि अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त मिळतं. लायसन्सची काळजी नको. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या ब्रिटिश लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. कायदा परवानगी देतो याचा अर्थ ओढता येतं असा मात्र घेऊ नकोस. आणि पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्यायचं मनात असेल तर आधी तिची ओढण्याची क्षमता बघ. पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांना ती नसतेच किंवा अगदी बेताची असते.

आता कॅरव्हॅनचे आकडे. एक रिकाम्या वजनाचा, एक भरून जास्तीत जास्त किती याचा. या दोहोंतला फरक म्हणजे तुमचा संसार. चौघांच्या व्हॅनमध्ये तो बहुधा दीडशे किलोच्या आसपास असतो. ऐकायला भरपूर वाटतं. त्यातून पुढे लावायचा कापडी मांडव, म्हणजे ऑनिंग, वीसेक किलो. व्हॅन जागच्या जागी हलवणारा मोटर मूव्हर बसवलात तर तीसेक. बॅटरी मूळ वजनात धरलेली आहे की नाही, ते विचारून घ्यायचं. उरलं त्यात चौघांचे कपडे, अंथरुणं, खुर्च्या, भांडी. आणि मराठी घरातून काय काय चढतं ते मला सांगू नकोस! मोठा कुकर, धाकटा कुकर, पोळपाट-लाटणं, दहा किलो कणीक, मिक्सर, आंब्याच्या लोणच्याची काचेची बरणी, शिवाय 'असू दे' म्हणून तांदळाची अख्खी गोणी. कांदे-बटाटे केंडललाही मिळतात, निखिल. एक कुकर, एक कढई, तवा आणि मसाल्याचा डबा घ्या. काचेचं काही नको. पाण्याचं चाळीस लिटरचं पिंप म्हणजे चाळीस किलो. ते साइटवर पोचून भरायचं.

किती भरलं याइतकंच कुठे भरलं याला महत्त्व आहे. जड सामान खाली, चाकांच्या वर येईल असं. हलकं वरच्या कपाटांत. मुलांच्या सायकली कॅरव्हॅनच्या मागे टांगायचं तू म्हणालास, ते डोक्यातून काढून टाक. मागे वजन पडलं की पुढचं नाक हलकं होतं आणि वेगात व्हॅन शेपटासारखी डावी-उजवी डोलायला लागते. नाकाचा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, आणि गाडीच्या टोबारला झेपतो त्याहून जास्त नसावा. मोजायला साधा काटा मिळतो. तरीही डोललीच, तर ब्रेक मारायचा नाही, वेग वाढवून सरळ करायला जायचं नाही. स्टिअरिंग स्थिर धरायचं आणि अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलायचा. हे मृण्मयीलाही पाठ असू दे.

कारण ओढायला तिनेही शिकायचं आहे. साइटवर बघ, बहुतेक ठिकाणी नवरा चाक धरतो आणि बायको मागे उभी राहून हातवारे करते. आमच्याकडे उलटं आहे. काका मागे उभे राहून 'अजून, अजून' करतात, पण त्यांचा हात कुठली दिशा दाखवतोय हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. तेव्हा खुणा घरीच ठरवा, आणि नियम एकच ठेवा: आरशात माणूस दिसेनासा झाला की थांबायचं. रिव्हर्स घेताना व्हॅनचा मागचा भाग उजवीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग आधी डावीकडे. मग लगेच सोडवत आणायचं, नाहीतर गाडी-व्हॅन काटकोनात येतात. दोन्ही मोठे क्लब मोकळ्या जागेवर याचे वर्ग घेतात. एक क्लब १९०१ सालचा तंबूवाल्यांचा, दुसरा १९०७ चा कॅरव्हॅनवाल्यांचा. शिकवायचा त्यांना सराव आहे. पैसे जातील, जाऊ देत. नव्या बंपरपेक्षा स्वस्त पडेल.

वेगाची मर्यादा दुभाजक नसलेल्या रस्त्याला ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्याला आणि मोटरवेला ६०. तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायचं नाही. व्हॅन गाडीपेक्षा रुंद असली की जादा आरसे लावावेच लागतात. फोनवरच्या नकाशाला तुझ्या मागे काय आहे हे कळत नाही, म्हणून वाट आदल्या रात्री बघून ठेव. आमच्याकडे यॉर्कशरला याल तेव्हा ए १७० वरचा सटन बँकचा चढ टाळा, तिथे कॅरव्हॅनला बंदीच आहे. लेक डिस्ट्रिक्टच्या हार्डनॉट घाटात तर बंदीच्या पाटीचीही वाट बघू नकोस, १ ला ३ चा चढ आहे तो.

पोचल्यावरचं काम सोपं आहे, पण क्रम चुकवायचा नाही. आधी डावी-उजवी पातळी, चाकाखाली उतरती पट्टी घालून. मग हँडब्रेक, मग गाडीपासून सोडवणं, मग पुढच्या लहान चाकाने पुढची-मागची पातळी. कोपऱ्यांचे चार पाय शेवटी, आणि ते फक्त टेकवायचे. त्यांच्यावर व्हॅन उचलायची नसते. विजेची नारिंगी केबल थोडी लागली तरी रिळावरून सगळी उलगडायची, गुंडाळलेली राहिली तर तापते. काही साइटवर १० अँपिअरच मिळतात, म्हणजे २,३०० वॅट. किटली आणि हीटर एकदम लावलेत की अंधार, आणि मग वॉर्डनला शोधत फिरा.

फोडणीचं सांगते, कारण हे तुला कुठला विक्रेता सांगणार नाही. मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली की आठ फुटांवरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागतो. मुलं झोपली असतील तर उठतात, शेजारचे पडदा बाजूला करतात. पोह्यांसाठी बाहेर टेबलावर उघड्यावर शेगडी लावा. ऑनिंगमध्ये नको, आणि पाऊस आला म्हणून विझत आलेला कोळसा आत तर कधीच नको. त्याचा कार्बन मोनॉक्साइड वासही येऊ न देता माणसं मारतो. अलार्म काढून ठेवायचा विचार मनात आणू नकोस. थंडीत जाणार असाल तर गॅस प्रोपेनचा घ्या. गोठणाऱ्या थंडीत ब्युटेन बाटलीतून वर येतच नाही.

संडासाची टाकी कोण रिकामी करणार, हे निघण्याआधी ठरवा. आमच्याकडे काका. हे वाटप लग्नातल्या कुठल्याही वचनापेक्षा काटेकोर पाळलं जातं.

ताई आणि भाऊजी जुलैत सांगलीहून येणार, त्यांनाही नेऊ म्हणतोस. ताईचे गुडघे बघता रात्री ओल्या गवतातून टॉर्च घेऊन जाण्यापेक्षा दोन पावलांवर संडास, हे सुख खरंच मोठं. पण विक्रेत्याने दाखवलेली 'चार जणांची' व्हॅन नीट बघ. त्यातली दोन माणसं जेवायच्या जागेवर झोपतात. रोज रात्री टेबलाचा पाय काढायचा, फळी दोन बाकांच्या मधे अडकवायची, पाठीच्या गाद्या उलट्या करून बसवायच्या, आणि तरी कमरेखाली एक फट राहतेच. सकाळी चहाच्या आधी ते सगळं पुन्हा उलटं. सहा जण असाल तेव्हा ताई-भाऊजी आत, मुलं त्यांच्याजवळ, आणि तुम्ही दोघं बाहेर तंबूत. म्हणून तंबू विकू नकोस. शेतकऱ्याच्या रानातली पाच व्हॅनची छोटी साइट मिळाली, तर मागे तंबू लावू देतात का, ते आधी फोन करून विचारायचं.

भाड्याच्या आठवड्यात हे सगळं कळेल. मग विकत घ्यायची ती जुनी आणि लहान घ्या. बघायला जाताना ओल मोजायचं यंत्र ने, नाहीतर जाणता माणूस ने. खिडक्यांचे कोपरे, पुढच्या कपाटाची आतली बाजू, छताचा सांधा हाताने दाबून बघ; मऊ लागलं तर किंमत कितीही पाडली तरी परत फिर. टायरची नक्षी शाबूत दिसते, कारण ते झिजण्याआधी म्हातारे होतात. कडेवरची तारीख वाच, पाच वर्षांच्या पुढचे असतील तर बदलायचा खर्च धर. खिडक्यांवर कोरलेला नंबर कागदांशी जुळतो का, तेही बघ. आणि घरासमोर उभी करायला मिळते का, हे आधी घराच्या कागदपत्रांत वाच. नाहीतर भाड्याची जागा, वर्षाची सर्व्हिस, विमा, थंडीआधी पाणी काढून टाकणं, हे सगळं व्हॅन हलो न हलो चालूच राहतं. वर्षातून दोनदाच जाणार असाल, तर भाड्याचीच परवडते. असं निघालं तर मला वाईट वाटणार नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

पहिला मुक्काम घरापासून दीड तासाच्या आतला धर, आणि उजेड असताना पोच. भरून झाल्यावर एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर ने आणि आकडा मला कळव, मग बोलू. बुकिंग मात्र याच आठवड्यात कर. शाळेच्या सुट्टीतल्या जागा लवकर जातात.

तुझी,
मावशी