चाकाची घरघर काय सांगते?

लालबाग-परळमध्ये २०२३ पर्यंत धावलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी घ्या किंवा शर्यतीची मोटार. चाक फिरते ते बेअरिंगवर. त्यातले पोलादी छर्रे किंवा रोलर घासत नाहीत, गडगडतात. म्हणून घर्षण अल्प. पण पुनःपुन्हा दाब पडून पोलाद थकते, त्याचे टवके उडतात आणि घरघर सुरू होते.

दोषी चाक कोणते? डावे वळण घेताना भार उजव्या चाकांवर सरकतो. त्याच वळणावर वेग दुप्पट, तर सरकणारा भार चौपट! तेव्हा घरघर वाढली, तर उजवीकडे तपासा. जॅकवर उचललेले चाक फिरवताना हाताला खरखर जाणवली, तर बेअरिंग बदलावेच. ग्रीसने झिजलेले पोलाद भरून येत नाही. दुर्लक्ष केल्यास चाक निखळूही शकते.

आता आपल्या सायकलचे चाक उचलून फिरवा आणि कान द्या.