गावाचे कौटुंबिक उत्पन्न कसे अजमावावे

गावाची सांपत्तिक स्थिती सुधारली की खालावली, हा प्रश्न ग्रामपंचायतीपुढे वारंवार येतो. त्याचे उत्तर बहुधा सरासरीने दिले जाते आणि तेथेच फसगत होते. समजा, एका वस्तीवर नऊ कुटुंबे आहेत व त्यांचे वार्षिक उत्पन्न अनुक्रमे ६०, ७२, ८४, ९०, १०८, १२०, १५०, २४० आणि ८७६ हजार रुपये आहे. यांची सरासरी दोन लाख येते. परंतु तेवढे उत्पन्न नऊपैकी केवळ दोन कुटुंबांना आहे! याउलट, उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडून मधले, म्हणजे पाचवे घेतल्यास १ लाख ८ हजार ही संख्या मिळते. हिलाच मध्यक म्हणतात. शेवटच्या बागाइतदाराचे उत्पन्न उद्या दुप्पट झाले तरी मध्यक जागचा हलत नाही.

मध्यक काढणे सोपे आहे. कठीण आहे ते उत्पन्न विचारणे. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. उत्पन्नाचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे धरावे, म्हणजे खरीप व रब्बी दोन्ही हंगाम त्यात येतात. घरी खाण्यास ठेवलेली ज्वारी विकली नाही म्हणून सोडून देऊ नये. सुगीच्या वेळी गावात जो भाव होता त्याने तिची किंमत धरावी. बियाणे, खते व लावलेल्या मजुरांची मजुरी वजा करावी. घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मात्र वजा करू नये. ऊसतोडीसाठी घेतलेली उचल हे कर्ज होय. तोडणी करून जेवढी फिटली तेवढेच उत्पन्न.

केवळ पिकाची चौकशी करून भागत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१८-१९ या कृषिवर्षात भारतातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यापैकी मजुरी व पगाराचे ४,०६३ रुपये होते, तर पिकांचे ३,७९८. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा जो अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला, त्यातही शेतीवर निभावणारी, बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यावरच निभावणारी आणि तरीही न निभावणारी अशी कुटुंबांची वर्गवारी होती. (ते गाव आज पिंपरी-चिंचवड शहरात सामावले आहे.)

गावात ४०० कुटुंबे असल्यास ८० निवडणे पुरेसे होते. सर्वांची यादी करावी, एक ते पाच या आकड्यांतून चिठ्ठी काढावी आणि त्या क्रमापासून दर पाचवे घर घ्यावे. चावडीवर भेटतील त्यांनाच विचारल्यास भूमिहीन मजूर सुटतात. तोडणीस गेलेल्या कुटुंबांची घरे दिवाळीनंतर बंद असतात. त्यांच्या जागी शेजारचे घर घेण्याचा मोह टाळावा व ती परत आल्यावर माहिती घ्यावी.

आता या ८० कुटुंबांपैकी ६० हजारांच्या आत १४, तेथून एक लाखापर्यंत २२, एक ते दीड लाखात २०, दीड ते तीन लाखांत १६ व त्यावर ८ कुटुंबे आहेत असे मानू. निम्मी संख्या ४०. पहिल्या दोन गटांत ३६ संपतात. तिसऱ्यातील २० पैकी आणखी ४ हवीत. म्हणून त्या गटाच्या ५० हजारांच्या रुंदीचा पाचवा भाग, म्हणजे १० हजार, एक लाखात मिळवावा. मध्यक १ लाख १० हजार. सर्वांत वरच्या कुटुंबांनी आपला आकडा सांगण्याचे टाळले तरी येथे अडत नाही, ही या रीतीची मोठी सोय आहे.

पाच वर्षांनी पुन्हा पाहणी केली व मध्यक १ लाख ४३ हजार आला, तर वाढ ३० टक्के दिसेल. पण तेवढ्या काळात शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक १०० वरून १२५ झाला असेल, तर १ लाख ४३ हजारांस १२५ ने भागून १०० ने गुणावे. उत्तर १ लाख १४ हजार ४०० येते. खरी वाढ चारच टक्के!

दोन्ही वेळच्या व्याख्या सारख्याच ठेवाव्यात. राष्ट्रीय पाहणीतही २००२-०३ मध्ये शेतकरी कुटुंबास जमिनीची अट होती. २०१२-१३ मध्ये ती काढून वर्षाला ३,००० रुपयांहून अधिक शेतमालाची अट आली व पुढे २०१८-१९ मध्ये ती ४,००० झाली. त्यामुळे त्या आकड्यांची सरळ तुलना जपून करावी लागते. गावातही एकत्र कुटुंब विभक्त झाले की कोणी गरीब न होताही मध्यक खाली येऊ शकतो. यासाठी कुटुंबातील माणसांची संख्याही नोंदवावी. तसेच पहिले वर्ष अवर्षणाचे व दुसरे सुकाळाचे असल्यास तुलना निरर्थक ठरते. शक्य असेल तेथे लागोपाठ तीन वर्षांचे मध्यक पाहावेत.

शेवटी एक सूचना. दोन वाड्यांच्या मध्यकांची सरासरी काढून संपूर्ण गावाचा मध्यक मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक वाडीचा गटवार तक्ता जपून ठेवावा, वाड्यांच्या कुटुंबसंख्येच्या प्रमाणात गटांची बेरीज करावी आणि मध्यक नव्याने काढावा.