पहिले बाळंतपण : आई-बाबांचाही जन्म

प्रस्तावना

जन्म, विवाह आणि मृत्यू हे मानवी जीवनातील मोठे टप्पे होत. त्यांच्याभोवती प्रत्येक समाजाने रीतिरिवाजांचे आणि शब्दांचे एक जग उभे केले आहे. मुक्त शिक्षण घेणाऱ्या आपल्यापैकी कोणी आई-बाबा झाले असतील, तर कोणी होणार असतील. पहिल्या बाळंतपणाच्या परंपरा कोणत्या, त्यांतील जपावे असे काय आणि सोडून द्यावे असे काय, याचा विचार या वैचारिक लेखात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• बाळंतपणाशी संबंधित मराठी शब्द व वाक्प्रचार यांचे अर्थ सांगू शकाल;
• रूढी आणि आरोग्यविज्ञान यांची तुलना करू शकाल;
• बाळाच्या संगोपनातील वडिलांच्या वाट्याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळपाठ

एखाद्या समाजाला कशाची काळजी वाटते, हे त्याच्या भाषेवरून कळते. मराठीत स्त्रीला ‘दिवस जातात’, मग ‘डोहाळे लागतात’, पुढे ‘दिवस भरतात’ आणि शेवटी ती ‘सुखरूप सुटते’. ‘सुटका’ हा शब्द येथे उगाच आलेला नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे जुन्या बायका म्हणत. कारण त्या प्रसंगातून प्रत्येक स्त्री परत येईलच, अशी खात्री कोणालाही देता येत नसे.

ही भीती किती खरी होती, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून दिसते. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, ही जाणीव त्यांच्या मनात घर करून राहिली. स्त्रियांना स्त्री-डॉक्टरची गरज आहे, या निश्चयाने त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाला त्यांनी विषय निवडला, तो हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्राचा. स्वदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, १८८७ साली, त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पहिल्या बाळाच्या दुःखातून एका समाजाला नवी वाट दिसली, ती अशी.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. भारतात २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ पर्यंत आणि महाराष्ट्रात ३३ पर्यंत खाली आले. २००५-०६ साली देशातील सुमारे ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्के होऊ लागली. गावोगावच्या ‘आशा’ कार्यकर्त्या, जननी सुरक्षा योजना आणि रुग्णवाहिकांची सोय यांचा या बदलात मोठा वाटा आहे. प्रसूतीची जागा बाळंतिणीच्या खोलीतून दवाखान्यात आली आणि असंख्य जीव वाचले.

मग जुन्या चालीरीती निरुपयोगी ठरल्या काय? तसे म्हणता येणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी करावे, ही रीत पाहा. सासरच्या कामाच्या रगाड्यातून मुलीला विश्रांती मिळावी, आईजवळ तिला मोकळेपणाने रडता-बोलता यावे, हा त्यामागचा हेतू. डोहाळजेवणात तिच्या आवडीचे पदार्थ होत, ओटी भरली जाई. बाळंत झाल्यावर अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असा खुराक मिळे. सव्वा महिना तिने जड काम करायचे नाही, असा दंडक असे. प्रसूतीनंतर शरीर पूर्वपदावर येण्यास साधारणपणे सहा आठवडे लागतात, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. सव्वा महिन्याचा जुना हिशेब त्याच्या जवळपास येतो.

पण याच परंपरेत काही घातक समजुतीही मिसळल्या होत्या. बाळाला चीक पाजू नये, तो पिळून टाकावा, असे अनेक घरांत मानत. वस्तुतः पहिल्या दोन-तीन दिवसांतील हे घट्ट, पिवळसर दूध रोगांपासून बाळाचे रक्षण करते. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे. मध, घुटी, पाणी यांपैकी काहीही देऊ नये, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. नाळेवर हळद किंवा राख लावल्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. ती स्वच्छ व कोरडी ठेवणे पुरेसे असते. बंद खोलीतील शेगडीच्या धुराने तर बाळ-बाळंतीण दोघांचाही श्वास कोंडतो. डोहाळजेवणात ‘पेढा की बर्फी’ हा खेळ गमतीने खेळला जातो. परंतु त्यामागील मुलग्याची आस जेव्हा गर्भलिंग तपासणीपर्यंत गेली, तेव्हा १९९४ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

आता एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. बाळंतपण सुरळीत झाले, तर दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात. घर म्हणजे पुष्कळदा शहरातील दोन खोल्या आणि दोनच माणसे. माहेर शेकडो मैल दूर असते. आई नोकरी करणारी किंवा स्वतःच आजारी असते. बाळ दर दोन तासांनी रडते. दूध पुरेसे येते की नाही, हे कळत नाही. टाके दुखतात, झोप मिळत नाही आणि सर्व जण आनंदात असताना आपल्यालाच रडू का येते, हे त्या नव्या आईला उमगत नाही. हे रडू येणे पुष्कळ स्त्रियांच्या वाट्याला येते आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ते त्याहून अधिक टिकले, बाळाकडे पाहावेसेही वाटेनासे झाले, तर तो बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. ‘नखरे’ म्हणून हिणवणे किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे लावणे, हा त्यावरील उपाय नव्हे.

घरी परतल्यानंतरचे दिवस बाळासाठीही नाजूक असतात. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हे ओळखले. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्यामुळे तेथील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. २०११ पासून ही पद्धत देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत राबवली जाऊ लागली. प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंत त्यांनी ठरावीक दिवशी घरी येऊन बाळाचे वजन, तापमान व श्वास तपासावा, अशी त्यात योजना आहे.

परंतु ‘आशा’ येऊन जाते. रात्र मात्र घरातल्या माणसांनाच काढावी लागते. येथे वडिलांची खरी गरज निर्माण होते. जुन्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल उचलून घेणेही तरुण बापाला संकोचाचे वाटे. बारशाला येऊन पाळण्यात डोकावले की त्याचे कर्तव्य संपे. आज दुपटी बदलणे, बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, बाळंतिणीला वेळेवर गरम जेवण देणे, यांतील कोणतेही काम पुरुषाला अशक्य नाही. स्तनपान सोडले, तर बाळाचे प्रत्येक काम त्याला करता येते.

कायद्यानेही हळूहळू पावले टाकली आहेत. १९६१ च्या कायद्यातील बारा आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. मात्र शेतमजूर स्त्री किंवा घरकाम करणारी बाई यांच्या पदरात अशी पगारी रजा पडत नाही. ज्या घरी रजा नाही, त्या घरी आधाराची गरज अधिक असते.

मराठीने नव्या आईला पहिलटकरीण, ओली बाळंतीण, लेकुरवाळी असे कितीतरी शब्द दिले. नव्या बापासाठी मात्र असा खास शब्द घडला नाही. संतांनी विठ्ठलाला ‘लेकुरवाळा’ म्हटले, ‘माउली’ म्हटले. देवाला शोभलेला तो शब्द घरातल्या बापाला लाभला नाही. मध्यरात्री रडणारे बाळ आईच्या कुशीतून अलगद उचलून जो तिला तासभर झोपू देतो, तो बाप या शब्दाचा खरा मानकरी होय.

शब्दार्थ

पहिलटकरीण – प्रथमच गरोदर असलेली किंवा बाळंत झालेली स्त्री
ओली बाळंतीण – नुकतीच बाळंत झालेली स्त्री
चीक – प्रसूतीनंतर प्रथम येणारे घट्ट दूध
डोहाळे – गरोदरपणी होणाऱ्या विशेष इच्छा
दंडक – पाळावयाचा नियम
लेकुरवाळा – लेकरांनी वेढलेला, लेकरांना सांभाळणारा

चला, समजून घेऊ या

लेखकाने परंपरेला सरसकट नाकारलेले नाही आणि डोळे मिटून स्वीकारलेलेही नाही. प्रत्येक चालीमागचा हेतू तपासला आहे. विश्रांती, सकस आहार आणि मायेची सोबत हा परंपरेचा गाभा. स्वच्छता, लस व वेळेवर उपचार ही विज्ञानाची देणगी. या दोहोंच्या मध्ये जी पोकळी राहते, ती नव्या आई-बाबांनी मिळून भरावयाची आहे, हे या लेखाचे मुख्य सूत्र आहे.

पाठगत प्रश्न

१. कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) आनंदीबाई जोशी ______ साली डॉक्टर झाल्या. (१८८३ / १८८६ / १८८७)
(आ) पहिले ______ महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. (तीन / सहा / नऊ)
२. ‘सुखरूप सुटणे’ या वाक्प्रचारातून कोणती भावना व्यक्त होते?

स्वाध्याय

१. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमागील हेतू पाच-सहा ओळींत लिहा.
२. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : दिवस भरणे, ओटी भरणे, मनात घर करणे.
३. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीशी बोलून तिच्या पहिल्या बाळंतपणाची हकिकत जाणून घ्या. आजच्या काळाशी तिची तुलना करा.
४. ‘बाळाचे संगोपन हे केवळ आईचे काम नाही’ या विधानावर आपले मत सकारण मांडा.