पोटदुखी सोमवारचीच का?

सोमवारी सकाळी दप्तर भरायची वेळ झाली की पोट दुखायला लागतं आणि शाळा भरून गेली की आपोआप थांबतं! अशा मुलाला आपण 'नाटकी' म्हणून मोकळे होतो. पण पोट खरंच दुखत असतं. भीतीनं छाती धडधडते, मळमळतं. ते काही ठरवून होत नाही.

१९४१ साली अमेरिकेत डॉ. अ‍ॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'स्कूल फोबिया' असं नाव दिलं. आज 'स्कूल रिफ्युजल' हा शब्द जास्त वापरतात, कारण भीती दरवेळी शाळेचीच नसते. कुणाला आईपासून दूर जाण्याची, कुणाला वर्गात उभं राहून वाचण्याची, कुणाला माराची. दांडी मारणारा मुलगा घरच्यांना फसवून बाहेर भटकतो. हे मूल मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घरातच बसतं. आपल्या बीड जिल्ह्यात आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेल्यामुळे ज्यांची शाळा बुडते, त्यांचा प्रश्नही वेगळा आहे.

आता घरात काय होतं बघा. आईला कामावर जायला उशीर होतो. बाबा ओरडतात. आजी म्हणते, "राहू दे गं आजच्या दिवस." धाकटी विचारते, "दादाला सुट्टी, मग मला का नाही?" कुणी मीठ-मोहरीनं दृष्ट काढतं, कुणी योगेश्वरीला नवस बोलतं. नातेवाईक तर निकालच देतात, "आईनंच लाडावून ठेवलंय!" शेवटी मुलाची भीती राहते बाजूला आणि आई-बाबांचंच भांडण सुरू होतं.

कंट्रोल सिस्टिममधला पॉझिटिव्ह फीडबॅक आठवतोय ना? आउटपुट परत इनपुटमध्ये मिळतं आणि वाढतच जातं. इथेही तसंच. भीती वाटली, घरी राहिलं, बरं वाटलं. पण तेवढ्यात अभ्यास बुडाला, मित्र दुरावले, म्हणून उद्याची भीती आणखी मोठी! आजीची माया आणि बाबांचा राग, दोन्ही या लूपमध्ये भरच घालतात. म्हणजे दोष एकट्या आईचा नाही, आणि लूप तोडणं हे एकट्या आईचं कामही नाही.

मग करायचं काय? आधी डॉक्टरांना दाखवून शारीरिक आजार नाही ना, याची खात्री करा. मुलाला शांतपणे विचारा, नेमकं काय नको वाटतं. कुणी त्रास देत असेल तर तो आधी थांबवा. शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. मग वर्गशिक्षकांशी बोलून पायऱ्या ठरवा: आधी गेटपर्यंत, मग एक तास, मग अर्धी शाळा. शाळेच्या वेळात घरी टीव्ही-मोबाईल बंद. आणि घरात सगळ्यांचं उत्तर एकच हवं. जितके दिवस जातील तितकं परत जाणं अवघड, म्हणून उशीर नको.

एवढ्यानं जमलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. आपल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या नंबरवर फोनवरूनही मोफत सल्ला मिळतो.

तुमच्या घरी असा एखादा भाऊ, बहीण, भाचा असेल, तर या सुट्टीत त्याच्याशी बोला. आणि त्याच्या आईशीही. तिला आजवर सगळ्यांनी फक्त सुनावलेलंच असतं.