गाडी बंद पडली, तर गाडीपाशीच थांबा

प्रश्न : ऑस्ट्रेलियात राहणारा माझा मुलगा मित्रांसह बर्ड्सव्हिल ट्रॅकने जाणार आहे. आडरानात गाडी बंद पडली, तर चालत मदत शोधावी का?

उत्तर : नाही, गाडी सोडू नये. मारी ते बर्ड्सव्हिल हा ५१७ किलोमीटरचा, बहुतेक कच्चा रस्ता आहे. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि अशा उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणजे पाच लिटरचा कॅन घेऊन निघालेल्याचे पाणी काही तासांतच संपते. तेच पाणी गाडीला ताडपत्री बांधून सावलीत स्वस्थ बसणाऱ्याला कितीतरी जास्त वेळ पुरते. शिवाय शोधविमानातून एकटा माणूस दिसणे फार कठीण. गाडी लवकर दिसते.

कोणाला आपला पत्ताच नसेल तर थांबून काय उपयोग, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर चालण्यात नाही, निघण्यापूर्वीच्या तयारीत आहे. मार्ग आणि परतीची वेळ घरी कळवावी. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन सोबत असावा. मोबाइलला रेंज नसली तरी बीकनचा संकेत उपग्रहामार्फत कॅनबेरातील बचाव केंद्राला मिळतो. चालताना वाटेत पाणी शोधू, असेही वाटेल. तिथल्या आदिवासींना वाळवंटात पाणी सापडते, हे खरे. मात्र ते त्या त्या भूमीशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले ज्ञान आहे, व्हिडिओ पाहून येणारे नव्हे. डिसेंबर ते फेब्रुवारी या तिथल्या उन्हाळ्यात जायचा बेत असेल, तर मुलाला तो पुढे ढकलायला सांगा.